नऊ दसऱ्यांचा मोर

घारीचं दार निखळलं तेव्हा आत दोनच बाया होत्या, आणि त्यातल्या एकीनं डोळे गच्च मिटलेले होते. म्हणून साक्षीदार म्हणून तिचा काही उपयोग नव्हता. विमान उडायला लागल्यापासून उतरेपर्यंत फुलाबाई मगदूम डोळे उघडायची नाही. तरी दर रविवारी बसायची मात्र, आणि वर सांगायची, "काय देखावा दिसतो वरनं."

डोळे उघडे असलेली दुसरी म्हणजे तिची थोरली जाऊ सुगंधा. वय सदुसष्ट, उंची पाच फुटाला चार बोटं कमी, बसायच्या जागी दोन उश्या. घार तिनं स्वतःच्या हातानं बांधलेली. हातकणंगल्याच्या पुढच्या माळावर मगदुमांची शेड, तिथं चाळीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधल्या गेल्या. सुगंधा पत्रा ठोकायची आणि फुला रंगवायची. फुलाचा मोर ज्या ट्रकच्या मागं असेल त्याला घाटात पोलीससुद्धा हात करत नव्हते, नुसते बघत राहायचे. असं फुला सांगायची. पुढं ट्रक कारखान्यातनंच स्टिकर चिकटवून यायला लागले. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले. रिकाम्या शेडमध्ये बसून सुगंधा दोन महिने चहा प्यायली आणि तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "फुले, विमान बांधूया."

तोवर घरी विमान बांधणं म्हणजे काही जगावेगळं राहिलं नव्हतं. नकाशे मिळायचे, इंजिन मिळायचं, बाकीचं ज्याचं त्यानं. पाच वर्षं लागली. दोन माणसांची घार तयार झाली. तिची चाकं वर पोटात जायची आणि त्यांच्यावर दोन दारं मिटायची, चिमणीच्या पंखासारखी. चाकं खाली-वर करायचा दांडा जुन्या ट्रकच्या हँडब्रेकचा होता. त्याला ना वायर, ना दिवा. ओढला की चाकं खाली आणि ढकलला की वर.

तर त्या जानेवारीत, सकाळी दहाला, घार ताशी दोनशे वीसनं वडगावावरनं चालली होती. डाव्या पायाखालनं 'घूंऽऽ' असा आवाज आला. माठात भुंगा शिरल्यावर येतो ना, तसा.

"फुले, ऐकलंस?"

"मी मारुतीस्तोत्र म्हणतीय. मधी बोलू नका, आक्का."

घूंचं धडधड झालं, धडधडीचं थडथड झालं, आणि मग एकच 'फाट्'. घार डावीकडं कललेली सुगंधानं सरळ केली, वेग उतरवला, लांब वळण घेतलं, मग कुठं दांडा ओढला आणि मांजरीसारखी माळावर आणून टेकवली. फुलानं डोळे उघडले आणि म्हणाली, "आज जरा हादरे जास्त व्हते."

दार पडलं ते वडगावच्या एका गुऱ्हाळावर. तेही कुठं, तर थेट काहिलीत, उकळत्या रसात, गुळव्या चुना टाकून नुकता हात धूत असताना. दोन माणसांनी फावड्यानं दार बाहेर काढलं तेव्हा त्याच्यावरचा रंग पार उतरून रसात गेला होता. त्या काहिलीचा गूळ हिरवानिळा झाला. वडगावात अजून सांगतात की त्यातली एक ढेप पावसाळा आला की आपोआप पिसारा फुलवते. ते सोडून द्या. दार मात्र धुतल्यासारखं कोरं झालं होतं, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

*

आता पेटीचं सांगायला पाहिजे.

घरी बांधलेली विमानं वाढली तशी सरकारनं प्रत्येकात एक पेटी बसवणं सक्तीचं केलं. विमानाच्या कातडीत, दारांत, पंखांत केसाएवढ्या काचेच्या तारा घालायच्या. त्यांतून उजेड धावतो. भाग जरा वाकला की तार ताणली जाते आणि उजेडाचा रंग कणभर सरकतो. त्या सरकण्यावरनं पेटीला कळतं की कुठल्या भागावर किती जोर आला. असे लाखो जोर मांडून पेटी सांगते, हा भाग अजून इतके तास टिकेल. माणसाच्या आवाजात सांगते, गोड आवाजात. 'ठीक' म्हणाली तरच इंजिन चालू होतं. लोक तिला वैद्य म्हणायचे.

वैद्य खरंच हुशार होता. पहिल्या दोन वर्षांत अपघात निम्म्यावर आले. पण दुसरंही एक झालं. लोकांनी हात लावून बघायचं सोडलं. आधी उडण्यापूर्वी माणूस विमानाभोवती फिरायचा, ठोकायचा, हलवून बघायचा, वास घ्यायचा. आता पेटी 'ठीक' म्हणाली की बसला. तपासनीससुद्धा वर्षातनं एकदा दिवाळीच्या तोंडावर यायचे, पेटीचं बटण दाबून 'आज विमान जसं आहे तसं ते निरोगी' असं धरायला लावायचे, चहा प्यायचे आणि जायचे.

पेटीनं दाराचा निकाल दिला तो असा: डाव्या दाराचं आयुष्य चार हजार तास शिल्लक होतं. दार आधी उघडलं, मग तुटलं. दार उघडतं कधी, तर चाकं सोडली की. अर्थ उघड आहे. वैमानिकानं दोनशे वीसच्या वेगात चाकं सोडली.

हा कागद घेऊन तपासणी कचेरीच्या आंबेरकर मॅडम आल्या. तिशीतली, नीटनेटकी, स्वभावानं वाईट नसलेली बाई. शेडमधल्या खुर्चीवरचा भुसा रुमालानं झटकून बसल्या.

"सुगंधाबाई, दार आम्ही मोजलं, तपासलं. वजन सव्वा किलो, नकाशात आहे तेवढंच. बनावटीत दोष नाही. तुमचं काम उत्तम आहे."

"मग तुटलं कशानं?"

"चाकं लवकर सोडल्यानं."

"मी चाकं सोडली न्हाईत."

"पेटी म्हणते दार उघडलं."

"दार उघडलं आसंल. म्या न्हाई उघडलं. तुमच्या घरातलं दार वाऱ्यानं उघडलं तर सासू कुणाला बोलते, वाऱ्याला का तुम्हाला?"

मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी कागद पुढं सरकवला. त्यावर छापलं होतं की वयोमानामुळं झालेली चूक मला मान्य आहे. सही केली तर सहा महिने उडायला बंदी, मग तोच परवाना पुन्हा चालू. सही न करता सुनावणीत हरलं तर परवाना गेला तो गेलाच, कारण पासष्टीच्या पुढं तो नव्यानं देत नाहीत. आणि घार मोडीत काढायची.

"माझं ऐका, सही करा," मॅडम म्हणाल्या. "पेटीविरुद्ध आजपर्यंत कुणी जिंकलेलं नाही."

"भांडलंय कोण आजपर्यंत?"

"कुणीच नाही."

"मग कसं जिंकतील?"

मॅडमनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि गेल्या. जाताना फुलानं त्यांना चहा पाजला आणि दाराशी हळूच म्हणाली, "वयोमान म्हणू नका तिला. बाकी काय पण म्हणा."

*

वयोमान हा शब्द सुगंधाला कुसळासारखा टोचला. तिनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. डाव्या दाराचा साचा काढला, कापड आणि राळेचे थर देऊन नवीन दार बांधलं, तारा घातल्या. राबता हात असला की डोकं चालतं, हा तिचा जुना अनुभव.

तिसऱ्या दिवशी नवीन दार वाळलं. बोटाच्या पेरानं तिनं ठोकून बघितलं. पिकला नारळ जसा वाजतो तसं 'टण्' वाजलं. सहज म्हणून ती घारीच्या पोटाखाली वाकली आणि उजव्या, जुन्या दारावर ठोकलं.

'ढप्'.

पुन्हा ठोकलं. ढप्. ओल्या गोणपाटासारखं.

सुगंधा तिथंच जमिनीवर बसली. समोर उजव्या दारावर फुलाचा मोर होता, मान मुरडून तिच्याकडं बघणारा. सोनेरी कडा, निळी मान, आणि पिसारा सगळा मागच्या मोकळ्या कोपऱ्याकडं सांडलेला.

मगदुमांच्या शेडचा रिवाज होता. खंडेनवमीला हत्यार धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि रंगाचा एक हात मारायचा. लेथ असो, घण असो, नाहीतर दारावरची कडी. रंगाविना दसरा उजाडला तर यंत्र रुसतं, असं सासरे सांगायचे. घार उडायला लागली तशी तीही त्या रांगेत आली. दर खंडेनवमीला फुला दोन्ही दारांवर पिवळ्या तेलरंगाचा हात मारायची, खळगे लांबीचा लगदा भरून बुजवायची आणि जुन्या मोरावर नवा मोर काढायची. नऊ दसरे झाले होते. एकाखाली एक नऊ मोर.

तिनं दार काढलं, घरातनं पीठ मोजायचा काटा आणला आणि त्यावर ठेवलं. दोन किलो. सव्वा किलोच्या दारावर पाऊण किलोचे मोर. बिजागरीत बघितलं तर केसाएवढ्या दोन चिरा. म्हणजे उजवं दारही रांगेत उभं होतं.

आता सगळं तिला एखाद्या उघड्या पुस्तकासारखं दिसलं. खरं तर ते चाळीस वर्षं रस्त्यावर दिसत होतं. ट्रकच्या ताडपत्रीचं एक टोक सुटं राहिलं की चाळीसच्या वेगाला ते नुसतं हलतं, साठला फडफडतं आणि ऐंशीला स्वतःला फाडून घेतं. वारा त्याला वाकवतो, वाकलं की वारा आणखी धरतो, मग ते सुटतं, उलटं जातं, पुन्हा वारा धरतो. पाळण्याला योग्य वेळी धक्का देत राहिलं तर तो चढतच जातो, तसं. दाराला पुढं एक दांडी धरून ठेवते, मागचा कोपरा मोकळा. वर वारा ओढतो, कारण पोटाखालनं पळणारी हवा दाराला बाहेर शोषते. दार हलकं असेल तर त्याचा स्वतःचा झोका चपळ असतो, वाऱ्याशी ताल जुळत नाही. त्याच्या शेपटीला वजन लावा, झोका मंद होतो, आणि एका वेगाला वाऱ्याचा आणि दाराचा ताल जुळतो. मग घूंऽऽ.

आणि पेटी? दर दिवाळीच्या तोंडावर तपासनीस बटण दाबायचा आणि पेटी धरायची, 'आज जसं आहे तसं निरोगी'. दसरा तेव्हा नुकताच झालेला असायचा. म्हणजे दरवर्षी नवा मोर काढून व्हायचा आणि त्या मोरासकट दार निरोगी ठरायचं. त्या वजनानं येणारी थरथरही मग पेटीच्या हिशेबात निरोगीच. रोज बघणाऱ्याला वासरू वाढलेलं दिसत नाही.

काहिलीतलं दार कोरं निघालं होतं, म्हणून मॅडमच्या काट्यावर ते सव्वा किलो भरलं. सगळा पुरावा वडगावच्या गुळात गेला होता.

सुगंधाला आधी हसू आलं, मग ते विरलं. हे सुनावणीत सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझ्या जावेनं विमान पाडलं. त्या पोरीनं, म्हणजे आता त्रेसष्ट वर्षांच्या पोरीनं, आयुष्यभर परक्यांच्या ट्रकवर मोर काढले, ते ट्रक भंगारात गेले आणि मोर त्यांच्याबरोबर. आता जगात तिचा एकच मोर उरला होता.

सुगंधानं दार गोणपाटात गुंडाळलं, कपाटावर टाकलं, चष्मा लावला आणि मॅडमचा कागद समोर घेतला. वयोमानामुळं. सहा महिने काय, चुटकीसरशी जातील. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"काट्यावर पिवळा रंग कुठनं लागला?"

दारात फुला उभी होती, हातात पिठाचा डबा.

"कसला रंग?"

"आक्का, तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई. नाक लाल होतंय." फुलानं डबा ठेवला. शेडमध्ये नजर फिरवली, घारीचं उघडं पोट बघितलं, कपाटावरचं गोणपाट बघितलं. चाळीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली बाई, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं दार खाली काढलं आणि स्वतःच ठोकलं. ढप्.

मग दोन्ही हातांवर तोलून बघितलं.

"किती भरलं?"

"पाऊण किलो जास्ती."

"आणि तुम्ही सही करणार व्हता."

"सहा महिन्याचा प्रश्न हाय, फुले."

"वयोमान म्हणून? तुम्ही?" फुलाचा आवाज चढला. "लग्न करून आले तवा या घरात मला कुणी विचारत नव्हतं. तुम्ही हातात ब्रश दिला. म्हणाला, आवडंल ते काढ, कुणी बोललं तर मी बघते. आता माझ्या मोरासाठी तुम्ही म्हातारी म्हणून नाव लावून घेणार? आन् उद्या आणि कुणाच्या दारावर कुणी मोर काढला, आन् पेटी म्हणाली ठीक, मग?"

"तुझं नाव येईल त्यात."

"येऊ द्या की. ट्रकवर कधी सही करू दिली न्हाई मालकांनी. सरकारी कागदावर तरी येऊ द्या."

सुगंधानं पेनाला टोपण लावलं. मग छापील कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर नरसाळ्यासारखं एक तोंड काढलं, पुढं निमुळतं होत जाणारं, पत्र्याचं.

"माळग्याच्या फाउंड्रीतला भट्टीचा ब्लोअर रिकामा असतोय का बघ गं."

*

सुनावणी कचेरीत होणार होती. सुगंधानं कळवलं की पुरावा दारातनं आत मावत नाही, तुम्हीच या. आंबेरकर मॅडम दोन साहेबांना घेऊन फाउंड्रीत आल्या. साहेब सबंध वेळ आपल्या बुटांवर काळी रेती बसतेय का तेच बघत राहिले.

भट्टीला वारा घालायचा तो ब्लोअर बैलाएवढा. त्याच्या तोंडाला सुगंधानं पत्र्याचं नरसाळं बसवलं होतं. पाण्याच्या नळीवर अंगठा दाबला की धार जोरात जाते, तसा निमुळत्या तोंडातनं वारा दोनशे वीसच्या वेगानं निघत होता. त्या वाऱ्यात वेग मोजायची नळी होती. शेजारी लोखंडी चौकट, चौकटीला दार, आणि दाराच्या तारा भिंतीवर टांगलेल्या पेटीला. घारीतलीच पेटी. आंबेरकर मॅडमनी सील स्वतः तपासलं.

आधी नवीन, कोरं दार लावलं. वारा सोडला. दार पोलिसासारखं ताठ उभं राहिलं. पेटी म्हणाली, "ठीक. शिल्लक आयुष्य चार हजार तास."

"आता दुसरं," सुगंधा म्हणाली.

मोराचं दार फुलानं स्वतः आणलं, मुलीला सासरी पाठवताना धरतात तसं दोन्ही हातांनी. चौकटीला लावलं. पदरानं मोराच्या मानेवरची धूळ पुसली आणि मागं सरली.

"फुले, डोळे मिट पाहिजे तर."

"न्हाई. आज उघडे ठेवते."

वारा सुरू झाला. शंभर. दीडशे. "ठीक," पेटी म्हणाली. एकशे ऐंशी. कुठूनतरी माठात भुंगा शिरला. घूंऽऽ. साहेबांनी बुटांवरनं नजर उचलली.

"ठीक. शिल्लक आयुष्य चार हजार तास."

दोनशे. मोराचा पिसारा थरथरायला लागला. आधी धूसर दिसला, मग दोन दिसले, मग एकाच वेळी नऊ मोर नाचायला लागल्यासारखे दिसले. दोनशे दहा. मागचा कोपरा बाहेर ओढला गेला, दांडी वाकली, दार फाकलं.

"ठीक," पेटी म्हणाली.

फाट्.

दार चौकटीतनं सुटून जाळीवर आदळलं आणि तीन तुकडे होऊन पडलं. सुगंधानं ब्लोअर बंद केला. घरघर थांबली तशी पेटीनं आपला गोड आवाज लावला:

"दार तुटले. कारण: वैमानिकाने जास्त वेगात चाके सोडली."

सगळ्यांनी भिंतीवरच्या पेटीकडं बघितलं. मग लोखंडी चौकटीकडं. तिथं ना चाक होतं, ना दांडा, ना वैमानिक.

"कुणाची चाकं गं बाई?" फुलानं पेटीला विचारलं.

एक साहेब खोकले. आंबेरकर मॅडम पुढं आल्या, खाली बसल्या आणि तुटलेल्या तुकड्याची कड नखानं खरवडली. पिवळं, निळं, पिवळं, हिरवं, पिवळं. झाडाच्या खोडाची वर्षं मोजावीत तसे त्यांनी थर मोजले.

"नऊ," त्या म्हणाल्या. मग उठून सावकाश म्हणाल्या, "सुगंधाबाई, चाकं तुम्ही सोडली नाहीत, हे मान्य. पण मग रंग देणं ही तुमचीच चूक ठरते."

"व्हय. आमचीच," सुगंधा म्हणाली. "ती मी नाकारलीय कवा? तिची सजा द्या, सोसते. पण मी जे केलं त्याची द्या. पेटीनं रचलेल्याची न्हाई. आणि हेही विचारा, दरवर्षी बटण दाबायला आलेल्या तुमच्या माणसानं एकदा तरी दार हातात धरून वजन का न्हाई बघितलं?"

मॅडमनी आपला छापील कागद परत मागितला. सुगंधानं तो पिशवीतनं काढून उलटा केला. नरसाळ्याच्या चित्राखाली, मोठ्या अक्षरात तिनं लिहिलं: 'चाकं सोडली नाहीत. नऊ दसऱ्यांचा रंग जड झाला. चूक मगदुमांच्या शेडची.' सही केली आणि पेन फुलाच्या हातात दिलं. फुलानं सही केली, वर मोराची छोटी मान काढली. साहेब म्हणाले, सरकारी कागदावर चित्र चालत नाही. आंबेरकर मॅडम म्हणाल्या, "चालेल."

*

तीन महिने बंदी झाली. दोघींनी ती आंब्याची लोणची घालण्यात काढली. कचेरीकडनं सगळ्या पेट्यांना नवा हुकूम गेला आणि त्यापायी राज्यातली एकतीस विमानं तराजूवर चढली. त्यातल्या एकाच्या दारावर म्हणे रंगाबरोबर अख्खा पत्र्याचा गणपती खिळला होता, आणि तो आठ वर्षं आशीर्वाद देत उडत होता.

खंडेनवमी आली. हत्यारं धुतली, पुसली, लेथला रंगाचा हात मिळाला, घणाला मिळाला. घारीची दारं मात्र कोरी, राखाडी, धुतलेल्या पाटीसारखी. फुला ब्रश घेऊन घारीभोवती तीन फेऱ्या मारून आली. ब्रशातला निळा रंग टपकत होता आणि त्याला जागा नव्हती.

सुगंधा घारीत आपल्या उश्यांवर बसली. फुला शेजारी येऊन बसली. तिचं लक्ष समोरच्या पेटीकडं गेलं. ती आत होती, वाऱ्याबाहेर. तिचं झाकण चांगलं वीतभर रुंद होतं.

"आक्का, ही कुठं फडफडत न्हाई न्हवं?"

"तोंड सोडून काय न्हाई हलत तिचं."

फुलानं तिथंच मांडी घालून काम सुरू केलं. मोर नाही काढला. एक मोठा डोळा काढला, निळ्या बुबुळाचा, वर सोनेरी पापणी. "बघायला शिकंल," म्हणाली.

सुगंधानं खाली उतरून दोन्ही दारांवर पेरानं ठोकलं. टण्. टण्. वर चढून किल्ली फिरवली. नव्या हुकमाप्रमाणं पेटीनं आता आधी एक प्रश्न विचारायचा होता.

"मागच्या तपासणीनंतर रंग दिला का?"

फुलानं ब्रश पुसला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"दिला की," ती म्हणाली. "तुलाच."